फळ्यावरची ओळ

ही हकीकत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, अर्धी सांगितली होती, तीही माझ्या सोयीची अर्धी. ती गेली आणि उरलेली अर्धी माझ्यापाशीच राहिली. मुलाला सांगायचे दोन-तीनदा ठरवले. प्रत्येक वेळी समोर चहा आला, चहा पिऊन झाला आणि मी पेपर उघडला. असे करता करता माझी पंचाऐंशी ओलांडली.

आता मुलाकडे पुनावळ्यात राहतो. मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत सोळा कॅमेरे बसले. सर्वांत म्हातारा म्हणून नारळ माझ्या हातून फोडवला. "आजोबा, आता चोराची टाप नाही इथं यायची," सेक्रेटरी म्हणाले. त्याच संध्याकाळी सुनेने इमारतीच्या मोबाइल ग्रुपवरचा मजकूर वाचून दाखवला. बाराव्या मजल्यावरच्या कुणीतरी लिहिले होते, 'आम्ही रविवारपर्यंत कोकणात आहोत, घराकडे लक्ष असू द्या.' खाली पंधरा-वीस जणांचे अंगठे.

त्या वेळी मला साळवेमामा आठवले, असे लिहिणार होतो. पण ते खोटे होईल. मी त्यांना विसरलो कधीच नव्हतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षे. चिंचवड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची वसाहत होती. समोरासमोर बारा-बारा घरांच्या दोन ओळी, मध्ये फरशी, एका टोकाला फाटक आणि फाटकाजवळच नळ. सगळे कंपन्यांमधले कामगार. कुणी साताऱ्याकडचा, कुणी बीडचा, कुणी चिपळूणचा. मी टाइम ऑफिसात होतो. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, हे लिहून ठेवणे हे माझे काम.

फाटकाजवळच्या पहिल्या घरात धोंडिबा साळवे राहत. ते खेडजवळच्या एका गावचे, बौद्ध. प्रेस शॉपमध्ये उजव्या हाताची तीन बोटे गेली आणि नोकरीही गेली. बायको पारूबाई औषधाच्या कंपनीत बाटल्या धुवायला जायची. मामा दिवसभर दारात ग्रीसच्या रिकाम्या डब्यावर बसलेले असत. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट. डाव्या हाताने लावलेल्या बटणांत एक तरी वरखाली झालेले असे.

वसाहतीतल्या सगळ्या चाव्या त्यांच्याकडे. हे कुणी ठरवून केले नव्हते. नवरा पहिल्या शिफ्टला, बायको बाजारात किंवा कामाला, पोरे शाळेत. आधी कोण परत येईल याचा नेम नाही. म्हणून ज्याने त्याने चावी मामांकडे टाकायला सुरुवात केली. मामांनी एका फळीला चोवीस खिळे मारले. आकडे लिहिले नाहीत. पारूबाईच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या चाव्यांना बांधल्या, प्रत्येक घराचा रंग वेगळा. गाठ मारताना एक टोक ते दातात धरत. आमची चिंधी पांढरी होती.

माणूस फाटकातून आत येऊन त्यांच्यापर्यंत पोचेतो ते चावी काढून हातात धरून बसलेले असत. वर बघतही नसत.

"मामा, न बघता कसं कळतं?" मी एकदा विचारले.

"तोंड काय बगायचं, टायमकीपर? तोंड रोज येगळं. बायकोशी भांडून आला की येगळं, पगार घिऊन आला की येगळं. चाल बदलत न्हाई. तुमची डावी व्हान घासती. फाटकाच्या भाईरनंच कळतं, आलं टायमकीपर."

माझी डावी वहाण घासते हे मला तोवर माहीत नव्हते.

जगताप म्हणून एक टर्नर होता. चौदा नंबरला राहायचा. आवाजाने मोठा आणि आमच्या कमिटीचा अध्यक्ष. त्याचा मेहुणा एकदा दुपारी आला आणि चावी मागू लागला. मामांनी दिली नाही. मेहुण्याने लग्नातला फोटो खिशातून काढून दाखवला.

"फोटू बराबर हाय," मामा म्हणाले. "पर फोटू चालत न्हाई. जगताप येऊ द्या, ते म्हनलं की देतो."

मेहुणा तीन तास नळाच्या कट्ट्यावर बसला. संध्याकाळी जगताप तणतणत आला. "मामा, माझ्या बायकोचा भाऊ आहे तो."

"आता झाला. आता त्याची चाल बगितली. पुढल्या येळंला आडवनार न्हाई."

जगतापही शेवटी हसला. पुढे महिनाभर सगळी वसाहत त्या मेहुण्याला 'आता झाला' म्हणूनच ओळखत होती.

अनोळखी माणूस फाटकातून आला की मामांचा एकच प्रश्न असे, "पानी पिनार?" डब्याशेजारी माठ आणि वर पितळी पेला. कल्हईवाला असो, पोस्टमन असो, विम्याचा एजंट असो, पहिल्यांदा पाणी. मला वाटायचे, भला माणूस आहे. एकदा त्यांनीच सांगितले. "पानी पिताना मानूस थांबतो. थांबला की नीट बगता येतं."

"आणि नाही प्यायला तर?"

"जो पीत न्हाई तो एक तर चोर, न्हाई तर सोवळा," मामा म्हणाले आणि मोठ्याने हसले. मीही हसलो. वसाहतीतली सगळीच घरे चाव्या त्यांच्याकडे ठेवत. त्यांच्या माठातले पाणी पिणारी किती होती, हे त्या हसण्यात मी मनाशी मोजले नाही. मी प्यायचो. पण मी पितो याचे मला कौतुक वाटायचे, हेही आज लिहिले पाहिजे.

एका दुपारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारा एक जण आला होता. जाताना मामांनी त्याला हटकले. येताना त्याची पाटी डाव्या खांद्यावर होती, जाताना दोन्ही हातांनी धरावी लागत होती. वर कपडे होते, कपड्यांखाली पाटीलबाईंचा तांब्याचा हंडा. बायका जमल्या, शिव्या सुरू झाल्या, कुणी चप्पल काढली. मामांनी चप्पल खाली ठेवायला लावली. त्या माणसाला डब्यावर बसवून चहा पाजला आणि सगळ्या बायकांना त्याच्यासमोरून एकेक करून जायला सांगितले.

"आता तुला समद्यांनी बगितलंय," ते त्याला म्हणाले. "जा."

तो पुन्हा आला नाही. "त्याला चौकीत द्यायला हवा होता," मी म्हणालो.

"मारून, डांबून चोर थांबत न्हाई टायमकीपर. आपल्याला कुनीतरी बगितलंय, हे त्याला कळलं पायजे. मंग तोच पाय उचलत न्हाई."

त्या वर्षी शेजारच्या वसाहतीत भरदुपारी दोन घरे फुटली. आमच्या कमिटीची बैठक झाली आणि मला कल्पना सुचली. मी तक्त्यांचा माणूस. टाइम ऑफिसात असतो तसा एक मोठा फळा काळ्या रंगाने रंगवून घेतला. त्यावर चोवीस ओळी आखल्या. घर नंबर, नाव, या आठवड्याची शिफ्ट, दिवसा घरी कोण. दर रविवारी सकाळी मी स्वतः खडूने भरायचो. हेतू असा की कोणते घर कधी रिकामे आहे हे सगळ्यांना कळावे आणि सगळ्यांनी त्या घरावर नजर ठेवावी. फळा फाटकाशी लावला, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. लोकांनी वाखाणणी केली. जगतापने पाठ थोपटली. एक फक्त मामाच फळ्यासमोर उभे राहून मान हलवत राहिले. त्यांना अक्षर लावून वाचता येत असे. रात्रशाळेत शिकले होते.

"फळा आत लावा टायमकीपर. घराकडं तोंड करून. रस्त्याकडं नगं."

"का?"

"तुमी कुलपं कुटं हायेत ती लिवून ठिवलीत. चोराचं निम्मं काम झालं."

"मामा, चोर काय फळे वाचत हिंडतात?" मी म्हणालो. भोवतालचे हसले. मामाही ओशाळवाणे हसले. मला आज सगळ्यात जास्त त्यांचे ते हसणे टोचते. शहाणा माणूस मूर्खांच्या हसण्यात हसतो तेव्हा तो एकटा पडलेला असतो.

याच सुमारास आमच्या कंपनीत दिवसपाळीच्या वॉचमनची जागा निघाली. मी मामांचे नाव सुचवले. ही गोष्ट त्यांनी कशी मनावर घेतली, ते मी पाहत होतो. "खाकी देतात का?" त्यांनी विचारले. "हाताचं काय म्हनतील?" पिंपरीत स्टुडिओत जाऊन त्यांनी फोटो काढून घेतला, उजवा हात पँटच्या खिशात घालून. पारूबाई सुमनला म्हणाली, "चार वर्सांनी मानूस आरशात बगतंय, वयनी." एका माणसाचे सगळे उरलेले आयुष्य त्या जागेवर येऊन थांबले होते, आणि ते माझ्या शब्दावर होते.

साहेबांनी बुधवारी दुपारी बारा वाजता बोलावले. मी रविवारी मामांना निरोप दिला. मग माझ्यातला व्यवस्थित माणूस जागा झाला. मामा जागेवर नसणार, लोक चावीसाठी ताटकळतील. म्हणून मी फळ्यावर एक नंबरच्या ओळीत, माझ्या वळणदार अक्षरात लिहिले, 'बुधवार, १२ ते २, मामा कंपनीत. चाव्या मिळणार नाहीत.' आणि त्याच फळ्यावर चौदाव्या ओळीत त्या आठवड्यात लिहिलेले होते, 'जगताप, पहिली शिफ्ट. घरचे खेडला, गुरुवारपर्यंत.'

दोन्ही ओळी मीच लिहिल्या होत्या. त्या एकत्र वाचल्या नाहीत.

बुधवारी मामा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, बटणे सगळी बरोबर. गेटच्या रजिस्टरात मी नोंद केली, साळवे धोंडिबा, आत बारा पाच. साहेबांनी बसवून ठेवले, मग पाच मिनिटे बोलले, हात बघितला आणि "चालेल, वॉचमनला नजर लागते, बोटं नाही" म्हणाले. मामा माझ्या खिडकीशी आले. सदऱ्याचे वरचे बटण पुन्हा चाचपून पाहिले. बाहेर, एक चाळीस.

पहिली शिफ्ट तीनला सुटली. जगताप आणि मी एकाच बसने आलो. त्याने मामांकडून चावी घेतली, दार उघडले आणि ओरडला. ट्रंक उपडी केलेली. बहिणीच्या लग्नाचे दोन शालू, ट्रान्झिस्टर, पितळी घंगाळ, सगळे गेले होते. कुलूप मात्र शाबूत. त्या काळातली कुलपे कुठल्याही किल्लीने उघडत, हे सगळ्यांना माहीत होते. पण त्या घटकेला कुणाला ते आठवायचे नव्हते. चोराने कुलूप पुन्हा लावले होते आणि त्या कुलपाची चावी मामांकडे होती.

सगळे चौदा नंबरकडे धावले. कुणीतरी हवालदाराला आणायला गेले. मी फाटकाशी एकटा होतो आणि समोर फळा होता. तेव्हा त्या दोन ओळी मी पहिल्यांदा एकत्र वाचल्या.

नळ दहा पावलांवर होता. मी रुमाल ओला केला आणि एक नंबरची ओळ पुसली.

का, हे मी पन्नास वर्षे स्वतःला विचारतो आहे. जगतापचा राग अंगावर येईल म्हणून. फळ्याची कल्पना माझी होती म्हणून. माझे नाव ज्युनिअर ऑफिसरसाठी वर गेले होते म्हणून. खरे उत्तर इतके लहान आहे की लिहायला लाज वाटते. मी मूर्ख आहे हे चोवीस घरांना कळू नये, एवढेच.

मी तिथे पोचलो तेव्हा जगतापने मामांना मध्ये घेतले होते.

"चावी कुणाकडं होती? एकाकडंच ना?"

"माझ्याकडं," मामा म्हणाले. "पर माझ्या घराला कुलूप व्हतं. बारा ते दोन मी कंपनीत व्हतो. टायमकीपरनीच बोलावलं व्हतं."

सगळे माझ्याकडे वळले. "खरं का क्षीरसागर?"

"बोलावलं होतं," मी म्हणालो. "पण नक्की वेळ... आज किती वाजता आले, गेले, ते रजिस्टर बघावं लागेल."

बारा पाच आणि एक चाळीस हे आकडे तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे होते. अजूनही आहेत.

मामांना वाटले मी गोंधळलो असेन. त्यांनी मला मदतच केली. "फळ्यावर लिवलंय की तुमी. चला, दावतो."

सगळे फाटकाशी आले. फळ्यावर तेवीस ओळी कोरड्या, पांढऱ्या. वरची एक ओळ ओली होती आणि उन्हात चकाकत होती.

"कुठाय?" जगताप म्हणाला.

मागून कुणीतरी म्हणाले, "मामा, तुमाला वाचता तरी येतं का?" थोडे हसू झाले. आणखी कुणीतरी हळू आवाजात म्हणाले, "यांच्या हातात घरं द्यायची म्हणजे..." आणि ते वाक्य कुणी पुरे केले नाही. गरज नव्हती. ज्या दोघी-तिघींनी ती ओळ वाचली होती, त्या माझ्याकडे बघत होत्या. लिहिणाराच गप्प म्हटल्यावर त्या कशाला बोलतील?

मामांनी ओल्या ओळीकडे पाहिले. मग माझ्या हातातल्या रुमालाकडे. मग मान खाली घालून माझ्या पायांकडे, जसे ते नेहमी पाहत.

"न्हाई तर न्हाई," ते म्हणाले.

चौकीत त्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवले. "मारलं न्हाई," पारूबाई सुमनला म्हणाली. "नुसतं बसवून ठिवलं. पर दारात बसवलं, वयनी. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसंल असं."

कंपनीतली जागा अर्थातच गेली. साहेबांनी मला विचारले, "तुमचाच माणूस ना?" मी म्हणालो, "ओळख होती, साहेब."

मामा शुक्रवारी घरोघर चाव्या परत देत फिरले. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, चिंधी सोडायचे आणि चावी पुढे करायचे. चिंध्या त्यांनी ठेवून घेतल्या. आमच्याकडे शेवटी आले. पांढऱ्या चिंधीची गाठ दाताने सोडवायला त्यांना वेळ लागला. तेवढा वेळ मी त्यांच्यासमोर उभा होतो. माझ्याकडे एवढा वेळ पुन्हा कधी आला नाही.

"टायमकीपर, तुमची चावी," ते म्हणाले. "आन् फळा आता तरी आत लावा."

महिन्याच्या आत ते घर सोडून गेले. फळा मी आत लावला. वर्षभरात पोरांनी तो काढून क्रिकेटला स्टंप म्हणून उभा केला.

सहा महिन्यांनी एक चोर खडकीकडे सापडला. जगतापचा ट्रान्झिस्टर मिळाला. तो द्यायला हवालदार आला तेव्हा फाटकाशी मी भेटलो. "त्याला कसं कळलं, कोणतं घर कधी रिकामं ते?" मी विचारले.

"तुमच्या दारातच लिवलं होतं म्हणतोय. शाळा शिकलेला चोर आहे राव," हवालदार हसला.

संध्याकाळी जगतापने विचारले, "काय म्हणाला हवालदार? कुणी टीप दिली?"

"ते काही बोलला नाही," मी म्हणालो.

"मग आतल्याच माणसाने दिली असणार," जगताप म्हणाला. वसाहतीत हीच हकीकत कायम झाली. पहिले खोटे घाबरून झाले असे म्हणता येते. हे दुसरे मी शांतपणे बोललो.

ऐंशी साल उलटल्यावर कंपनीच्या कामाने मी चाकणला गेलो होतो. गाडी कांद्याच्या बाजारापाशी ट्रकांत अडकली. खिडकीतून पाहिले तर पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत, एका डब्यावर, निळा शर्ट घातलेला माणूस बसला होता. केस पांढरे झाले होते. व्यापाऱ्याच्या मालावर राखणीला असावेत. शेजारी माठ, वर पितळी पेला.

मी गाडीतून उतरलो. वाक्य तयार होते. वर्षानुवर्षे घासून तयार केलेले होते. पंचवीस-तीस पावलांचे अंतर, आणि त्या कलकलाटातही मला माझी डावी वहाण घासलेली ऐकू येत होती. त्यांची मान खालीच होती, डाव्या हाताने सुतळी गुंडाळत होते. मी अजून चार पावलांवर असताना त्यांचा हात थांबला. ओळखले, हे मला कळले. मी वाट पाहिली, टायमकीपर म्हणतील.

त्यांनी वर पाहिले. अनोळखी माणसाकडे पाहावे तसे.

"पानी पिनार?" त्यांनी विचारले.

मी पेला घेतला. पाणी पिताना माणूस थांबतो. मी थांबलो, आणि ते डब्यावरून न हलता माझ्याकडे नीट बघत राहिले, पेला रिकामा होईपर्यंत. मग पेला घेतला, विसळला, पालथा घातला. मी विचारले, "कांदा काय भाव?" त्यांनी तीन बोटे नसलेल्या हाताने पलीकडच्या आडत्याकडे बोट दाखवले. मी पाच किलो कांदे घेतले आणि गाडीत येऊन बसलो. गाडी सुटताना मागे पाहिले. ते माझ्या पायांच्या जागी, जिथे मी उभा होतो त्या मातीकडे बघत होते.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा डब्यावर दुसराच कुणी होता. "साळवे? ते वारलं की," तो म्हणाला.

त्यांचा फोटो माझ्या कपाटात आहे. अर्जाला लावायला त्यांनी माझ्याकडे दिलेला, लावायचा राहिला तो. उजवा हात खिशात. आणि ते वाक्यही अजून माझ्यापाशीच आहे. ते माफीचे म्हणून तयार केले होते, पण टाइमकीपरला दुसरी भाषा येत नाही, तेव्हा आहे तसे लिहितो.

मामा, त्या बुधवारी तुम्ही आत बारा पाच, बाहेर एक चाळीस. रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे. ओळ मी पुसली.